टेक्सासच्या शहरी उद्यानांतल्या मुलांच्या बास मासेमारी स्पर्धा: पात्रता, कागदपत्रे आणि नोंदणी

टेक्सासमध्ये १७ वर्षांखालच्या मुलांना मासेमारीचा परवाना लागत नाही. हे एक वाक्य वाचून घरचे निर्धास्त होतात आणि घोळ तिथूनच सुरू होतो. परवाना मुलाला नसला तरी शेजारी उभ्या राहून रॉड धरणाऱ्या बाबांना लागतो. संमतिपत्रावर काकांची सही चालत नाही. पत्त्यात शहराचे नाव आहे म्हणून कुटुंब त्या शहराचे रहिवासी ठरत नाही. मासा गळाला लागण्याआधी नोंदणीच्या टेबलावर अडचण येते ती याच तीन गोष्टींवरून, म्हणून आधी कागदांचे पाहू.

उद्यानातली स्पर्धा साधी असते. शहराचे पार्क्स ॲन्ड रिक्रिएशन खाते किंवा एखादा स्थानिक बास क्लब शनिवारी सकाळी दोन-चार तास तळ्याकाठी ती घेतो. बोट नसते, काठावरूनच गळ टाकायचा. बास म्हणजे इथे लार्जमाउथ बास, गोड्या पाण्यातला शिकारी मासा. आपल्याकडे सी बास म्हणून विकला जाणारा जिताडा तो हा नव्हे. ओळखायची खूण जबड्यात आहे: तोंड मिटलेले असताना लार्जमाउथचा वरचा जबडा डोळ्याच्या मागच्या कडेपलीकडे जातो. तसा जात नसेल तर मासा बहुधा दुसरा आहे, आणि मग तो मोजणीत धरला जाईल की नाही हे त्या स्पर्धेच्या नियमांवर अवलंबून राहील.

परवाना नेमका कोणाला

नियम टेक्सास पार्क्स ॲन्ड वाइल्डलाइफ डिपार्टमेंटचा आहे. १७ वर्षे पूर्ण झालेल्या, मासेमारी करणाऱ्या प्रत्येकाला परवाना हवा. गाठ मारून देणे, गळ काढून देणे, मासा धरून फोटो काढणे ही मदत झाली. गळ टाकून देणे, किंवा मूल पाणी प्यायला गेल्यावर रॉड हातात धरून उभे राहणे ही मात्र मासेमारीच. गेम वॉर्डन (मासेमारी-शिकारीचे नियम राबवणारा राज्याचा अधिकारी) आला तर तो रॉड कोणाच्या हातात आहे तेवढेच पाहतो. मूल सात-आठ वर्षांचे असेल तर पालकाने परवाना काढूनच जावे. तेवढ्या वयात रॉड एकदाही मोठ्यांच्या हातात येणार नाही, असे होत नाही.

सलग सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ टेक्सासमध्ये राहिलेल्यांना रहिवासी दर लागतो. गोड्या पाण्याचा वार्षिक परवाना ३० डॉलरचा, एका दिवसाचा ११ डॉलरचा. वार्षिक परवान्याचे वर्ष १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट असे चालते, त्यामुळे जुलैत काढलेला वार्षिक परवाना एक-दोन महिन्यांतच संपतो. अशा वेळी एका दिवसाचाच परवडतो. अर्जात सोशल सिक्युरिटी क्रमांक विचारतात. एच-४ व्हिसावर (नोकरदाराच्या कुटुंबीयांचा व्हिसा) असलेल्या जोडीदाराकडे तो नसेल, तर ज्याच्याकडे आहे त्याने परवाना काढून त्या दिवशी मुलासोबत जाणे सोयीचे. पुण्याहून आलेल्या आजोबांना नातवाबरोबर गळ टाकायचा असेल तर त्यांना अनिवासी परवाना लागेल, एका दिवसाचे १६ डॉलर. तो ऑनलाइन काढण्याऐवजी दुकानातल्या काउंटरवर काढावा आणि पासपोर्ट जवळ ठेवावा.

सर्वांत जास्त फसगत होते ती 'पार्कात परवाना लागत नाही' या ऐकीव गोष्टीने. ही सूट फक्त राज्याच्या उद्यानांना, म्हणजे स्टेट पार्कना आहे, आणि तीही त्यांच्या हद्दीतल्या काठावरून किंवा धक्क्यावरून मासे धरताना. शहराचे किंवा काउंटीचे उद्यान हे स्टेट पार्क नव्हे. तिथे परवाना लागतो. अपवाद जूनच्या पहिल्या शनिवारचा. तो टेक्सासचा फ्री फिशिंग डे, त्या दिवशी सार्वजनिक पाण्यावर कोणालाच परवाना लागत नाही. स्पर्धा नेमकी त्याच दिवशी असेल तर परवान्याचा हा सगळा भाग सोडून द्या.

वयोगट आणि जन्मतारखेचा सापळा

गटांची विभागणी प्रत्येक आयोजकाची वेगळी असते. माहितीपत्रकात गटाचे वय पाहण्याआधी ते वय कोणत्या तारखेला मोजायचे ते पाहा: स्पर्धेच्या दिवशी, १ जानेवारीला की शालेय वर्षाच्या सुरुवातीला. काही ठिकाणी वयाऐवजी इयत्ता धरतात. मग उन्हाळ्यात होणाऱ्या स्पर्धेसाठी नुकतीच संपलेली इयत्ता लिहायची की येणारी, हे आयोजकांना विचारून घ्यावे.

भारतात जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. जन्मदाखल्यावर ०५/०८/२०१६ असेल तर आपण ५ ऑगस्ट वाचतो, नोंदणीच्या टेबलावरची व्यक्ती ८ मे वाचते. एवढ्याने मूल वरच्या गटात जाऊ शकते. म्हणून वयाचा पुरावा म्हणून पासपोर्टची प्रत द्यावी, त्यावर कोणत्या देशाचा पासपोर्ट आहे तेही एका नजरेत दिसते. पासपोर्ट द्या किंवा जन्मदाखला, सोबतच्या फॉर्मवर महिना अक्षरांत लिहावा. नावाचेही तसेच. आपल्या दाखल्यावर मुलाचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव असा क्रम असतो आणि ऑनलाइन खात्यात वडिलांचे नाव गाळलेले असते. दोन्हीकडे पासपोर्टवरचेच नाव ठेवले की प्रश्न मिटतो.

रहिवासी असल्याचा पुरावा

शहरांच्या स्पर्धांत रहिवाशांना नोंदणी आधी खुली होते किंवा फी कमी असते. इथे टपालाचा पत्ता आणि शहराची हद्द यांत गल्लत होते. ह्यूस्टनजवळचे केटी हे ठळक उदाहरण. हजारो घरांच्या पत्त्यात 'केटी, टेक्सास' आहे, पण त्यातली बहुतेक केटी शहराच्या हद्दीबाहेर, हॅरिस किंवा फोर्ट बेन्ड काउंटीत येतात. वीजबिलावर केटी दिसले तरी ते शहरवासी असल्याचा पुरावा ठरत नाही. पक्का पुरावा मालमत्ता कराच्या विवरणात मिळतो: कर लावणाऱ्या संस्थांच्या यादीत शहराचे नाव असेल तर घर हद्दीत, फक्त काउंटी, शाळा जिल्हा आणि युटिलिटी डिस्ट्रिक्ट (पाणी-सांडपाण्याची सोय करणारी संस्था) असेल तर हद्दीबाहेर. भाड्याने राहणाऱ्यांनी ॲप्रेझल डिस्ट्रिक्टच्या (करासाठी मालमत्तेचे मूल्य ठरवणाऱ्या कार्यालयाच्या) संकेतस्थळावर आपल्या घराचा पत्ता टाकून हेच पाहावे, आणि पुरावा म्हणून भाडेकरार व पाण्याचे बिल जोडावे.

संमतिपत्र

जबाबदारीतून मुक्तता देणारा फॉर्म, वैद्यकीय माहिती आणि छायाचित्राला परवानगी असे तीन भाग सहसा एकाच कागदावर असतात. सही आई, वडील किंवा कायदेशीर पालक यांचीच लागते. एका गाडीतून चार मुले घेऊन शेजारचे काका आले, तीन मुलांच्या फॉर्मवर सही नाही, आणि आईवडील फोनवर 'चालेल ना' म्हणताहेत, हे दृश्य नेहमीचे. ते चालत नाही. दुसऱ्याबरोबर मूल पाठवायचे असेल तर फॉर्म आदल्या रात्री सही करून पाठवा, आणि स्पर्धेच्या वेळी मुलाजवळ थांबणाऱ्या मोठ्या माणसाचे नाव त्यावर लिहा. छायाचित्राची परवानगी नाकारता येते, पण जिथे मोजमाप फोटोवरूनच होते तिथे माशाच्या फोटोला नकार देता येत नाही. या दोन परवानग्या वेगळ्या आहेत हे फॉर्मवर स्पष्ट करून घ्यावे. वैद्यकीय भागात शेंगदाण्याची, मधमाशीच्या दंशाची ॲलर्जी आणि इनहेलर आहे का ते लिहा.

नोंदणी

शहराच्या मनोरंजन विभागाच्या संकेतस्थळावर कुटुंबाचे खाते उघडावे लागते. त्यात मुलाचे नाव आणि जन्मतारीख आधी भरून ठेवावी, कारण रहिवासी पडताळणीला कार्यालयीन दिवस लागतात आणि नोंदणी सुरू झाल्यावर खाते उघडणाऱ्यांच्या हाती प्रतीक्षायादीच येते. प्रत्येक मुलाची नोंद वेगळी करायची. भावंडांपैकी एकाचे नाव कार्टमध्ये राहून गेले, असे हमखास होते. पुष्टीची ईमेल आली की त्यातला वयोगट लगेच तपासा. चूक आधी कळवली तर दुरुस्त होते, स्पर्धेच्या सकाळी बहुधा नाही.

सकाळी सोबत ठेवायचे ते इतकेच: पुष्टीची प्रत, मुलाचा वयाचा पुरावा, सही केलेला फॉर्म, पालकाचे ओळखपत्र आणि पालकाचा परवाना (फोनवरचा चालतो, पण बॅटरी असायला हवी).

स्वतःचा रॉड नसेल तर खरेदीची घाई नको. पार्क्स ॲन्ड वाइल्डलाइफच्या टॅकल लोनर योजनेत ठरावीक स्टेट पार्क, ग्रंथालये आणि इतर केंद्रांतून रॉड, रील आणि गळ, बोया, शिशाची वजने असलेला डबा सात दिवसांपर्यंत फुकट मिळतो. मोठ्या माणसाने ओळखपत्र दाखवून फॉर्म भरायचा. शनिवारच्या स्पर्धेसाठी शनिवारी सकाळी जाऊ नका, गुरुवारी जा.

मोजमाप, म्हणजे जिथे मासा लागूनही गुण जातात

टेक्सासमध्ये लार्जमाउथ ठेवून घ्यायचा असेल तर तो किमान १४ इंचांचा हवा, आणि दिवसाला पाचच. काही तलावांना वेगळे नियम आहेत. लेक फोर्कवर तर १६ ते २४ इंचांमधला मासा ठेवता येत नाही. उद्यानातल्या तळ्यात मुलांना मिळणारे मासे बहुधा १४ इंचांच्या आतले असतात. असा मासा बादलीत घालून मोजणीच्या टेबलापर्यंत नेणे म्हणजे तो 'ठेवून घेणे', आणि तो नियमभंग ठरतो. म्हणूनच समजदार आयोजक पट्टी घेऊन स्वयंसेवकच काठावर पाठवतात, किंवा जागच्या जागी फोटो काढून मासा सोडायला सांगतात. बादली घरीच ठेवा.

फोटोची पद्धत असेल तर मासा कुशीवर पट्टीवर ठेवायचा. तोंड मिटलेले, तोंडाचे टोक पट्टीच्या उभ्या कडेला टेकलेले, शेपटीची टोके एकत्र दाबून सर्वांत लांब टोकापर्यंतची सरळ रेषेतली लांबी. सहसा पाव इंचापर्यंत मोजतात आणि मधला आकडा खाली उतरवतात. फोटो बाद होण्याची कारणे ठरलेली आहेत: तोंड उघडे, तोंडाचे टोक कडेपासून सुटलेले, बोटांनी शेपूट किंवा डोळा झाकलेला, आणि त्या दिवशी सकाळी दिलेले सांकेतिक क्रमांकाचे कार्ड फोटोत नाही. हे शेवटचे कारण सर्वांत जास्त नडते, कारण मासा लागल्याच्या आनंदात कार्ड खिशातच राहते. ते गळ्यातल्या दोरीला अडकवावे. पट्टी आधी पाण्याने भिजवा. उन्हात तापलेल्या कोरड्या पट्टीवर मासा तडफडतो, फोटो हलतो, आणि माशाच्या अंगावरचा चिकट थरही निघून जातो. फोटो नीट आला आहे याची खात्री झाल्याशिवाय मासा सोडू नका.

आमिष आणि साहित्य

मोठ्यांच्या बास स्पर्धांत सहसा फक्त कृत्रिम आमिष चालते. मुलांच्या स्पर्धांत काही ठिकाणी गांडूळ चालतो, काही ठिकाणी नाही, आणि हे न वाचता गांडुळांचा डबा घेऊन आलेली मुले रिकाम्या हाती उभी राहतात. दोन्हीकडे चालेल असे आमिष हवे तर पाच इंची मऊ प्लॅस्टिकची काडी घ्या आणि १/० किंवा २/० चा गळ मधोमध अडकवा. वजन लावायचे नाही, टाकून आपोआप बुडू द्यायची. शेवाळ जास्त असेल तर गळाचे टोक प्लॅस्टिकमध्ये लपवणारी टेक्सास रिग बरी. दोरा ८ ते १० पौंड ताण पेलणारा. लहान मुलांना बटणाची स्पिनकास्ट रील द्या, उघडी स्पिनिंग रील दिली तर अर्धी सकाळ गुंता सोडवण्यात जाईल. ७५ एकरांपर्यंतच्या, पूर्णपणे शहराच्या हद्दीत किंवा सार्वजनिक उद्यानात असलेल्या तळ्यांना कम्युनिटी फिशिंग लेकचे नियम लागू होतात. तिथे एका माणसाला दोनपेक्षा जास्त रॉड चालत नाहीत, आणि स्पर्धेत बहुधा एकच.

उद्यानातून शाळेच्या संघाकडे

मूल यात रमले तर पुढे शालेय मालिका आहेत. इलिनॉयच्या शालेय क्रीडा संघटनेने २००९ पासून बास मासेमारीची राज्य अंतिम स्पर्धा सुरू केली, टेक्सासमध्ये क्लबांमार्फत खेळतात. इथे बोट येते आणि कागदपत्रे वाढतात. दोन विद्यार्थ्यांमागे एक प्रौढ कॅप्टन, मोठे इंजिन तोच चालवणार, इंजिन चालू असताना सर्वांच्या अंगावर बांधलेले लाइफ जॅकेट, आणि कॅप्टनच्या बोटीचा दायित्व विमा. १ सप्टेंबर १९९३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या कॅप्टनला १५ अश्वशक्तीपेक्षा मोठ्या इंजिनासाठी बोटर एज्युकेशनचे प्रमाणपत्रही लागते. तरुण पालक यात वयामुळे अडकतात. मोठी शिष्यवृत्ती किंवा बक्षीस मिळाले तर आयोजक कराच्या फॉर्मसाठी मुलाचा सोशल सिक्युरिटी क्रमांक किंवा आयटीआयएन (तो नसलेल्यांना मिळणारा कर क्रमांक) मागू शकतो.

मंडळाला स्वतःची स्पर्धा घ्यायची असेल तर

तळे सार्वजनिक असले तरी स्पर्धा ठेवण्यासाठी शहराची विशेष कार्यक्रम परवानगी आणि शेडचे आरक्षण लागते. शहर दायित्व विम्याचे प्रमाणपत्र मागते, सहसा प्रत्येक घटनेमागे १० लाख डॉलरचे, आणि त्यावर शहराचे नाव अतिरिक्त विमाधारक म्हणून असावे लागते. अर्ज परत येतो तो बहुधा इथे: अर्जावर मंडळाचे नाव एक, विम्यावर दुसरे. नोंदणीकृत नाव दोन्हीकडे अक्षरशः सारखे लिहा. वडापाव विकायचा असेल तर आरोग्य खात्याचा तात्पुरता परवाना वेगळा, आणि त्याची मुदतही वेगळी. नियमपत्रकात एक ओळ जरूर घाला: टेक्सासमध्ये मासेमारी स्पर्धेतली फसवणूक हा फौजदारी गुन्हा आहे आणि बक्षीस १०,००० डॉलर किंवा त्याहून जास्त असेल तर तो गंभीर गुन्ह्यात मोडतो. मुलांच्या स्पर्धेत करंडक आणि टॅकल बॉक्स एवढीच बक्षिसे असली, तरी ही ओळ मुलांपेक्षा बाबा लोक जास्त लक्ष देऊन वाचतात.