वस्ती-परिणाम

घरची परिस्थिती सारखीच असली तरी माणूस शहरातल्या कुठल्या वस्तीत राहतो यावरून त्याची तब्येत, कमाई आणि मुलांचं पुढचं आयुष्य बदलतं, या फरकाला वस्ती-परिणाम म्हणतात. यात हवा, पाणी, गटारं, झाडं जशी येतात तशी शाळा आणि शेजारसुद्धा येतो.

कल्पनेचं मूळ कुठलं यावर एकमत नाही. समाजशास्त्रवाले शिकागोकडे जातात, तिथे शॉ आणि मॅके यांनी १९४२ मध्ये दाखवलं की रहिवासी बदलले, एका देशातून आलेले गेले आणि दुसरे आले, तरी ठरावीक वस्त्यांमधली बालगुन्हेगारी काही हटेना. पण सार्वजनिक आरोग्यवाले हे साधारण शंभर वर्षं मागे नेतात आणि तेच जास्त पटतं. पॅरिसचा डॉक्टर व्हिलेर्मे याने १८२० च्या दशकात शहराच्या १२ विभागांतले मृत्यू तपासले, नदीची जवळीक, वारा, दाटी यांतलं काहीच नीट जुळेना, जुळली ती गरिबी, आणि ती मोजली कशी तर भाडं इतकं कमी की त्यावर करच नाही अशी घरं किती यावरून. इंग्लंडच्या चॅडविकने १८४२ च्या अहवालात उलट मांडलं, की घाणीतून आजार आणि आजारातून गरिबी. दुर्गंधीने रोग होतो हे त्याचं शास्त्र चुकलं होतं, पण त्या जोरावर गटारं आणि नळ आले हे फार मोठं काम झालं. एडिंबरोचा डॉक्टर ॲलिसन मात्र म्हणत राहिला की आधी उपासमार आणि बेकारी बघा.

वाद अजून तोच आहे, वस्ती माणसाला आजारी पाडते की आधीच अडचणीत असलेला माणूस स्वस्त म्हणून तिथे जातो? यावर सगळ्यात भक्कम पुरावा अमेरिकेतला. १९९४ पासून ५ शहरांत सुमारे ४,६०० कुटुंबांची सोडत काढली आणि काहींना कमी गरिबीच्या वस्तीत जायला भाड्याची मदत दिली. मोठ्यांची कमाई फारशी वाढली नाही, पण मधुमेह आणि अतिलठ्ठपणा कमी झाला, आणि २०१६ च्या अभ्यासात दिसलं की वयाच्या तेराव्या वर्षाआधी तिथे गेलेली मुलं मोठेपणी सुमारे ३१ टक्के जास्त कमावत होती. किशोरवयात गेलेल्यांना असा फायदा दिसला नाही. म्हणजे दोन्ही बाजूंत तथ्य आहे, पण लहान मुलांसाठी वस्तीचं पारडं जड.

उन्हाचंही तसंच. अमेरिकेत १९३० च्या दशकात कर्जाला धोक्याच्या म्हणून नकाशावर लाल रंगवलेल्या वस्त्यांची जमीन इतर भागांपेक्षा सरासरी २.६ अंश सेल्सिअस जास्त तापते असं १०८ शहरांच्या अभ्यासात (२०२०) आढळलं, झाडं कमी आणि डांबर जास्त.

शेजाऱ्यांचा एकमेकांवरचा भरवसा हा वेगळा घटक. शिकागोच्या ३४३ वस्त्यांमध्ये सॅम्पसन आणि सहकाऱ्यांना (१९९७) तो जिथे जास्त तिथे हिंसा कमी दिसली, गरिबीचा हिशेब धरूनही.

मोजताना वस्तीची हद्द बहुतेक वेळा जनगणनेचीच धरतात, रहिवाशांच्या मनातली हद्द वेगळी असते, आणि रेषा सरकवली की आकडेही सरकतात.