टायरमधल्या हवेचा आकडा ठरवतो कोण?

नवी गाडी शोरूममधून बाहेर पडते तेव्हा अनेकदा तिच्या टायरांत हवा जास्त असते. चाकण, साणंद किंवा मानेसरहून निघालेली गाडी ट्रेलरवर बांधून येते आणि मग यार्डात कित्येक आठवडे एकाच जागी उभी राहते. टायरच्या एकाच भागावर इतके दिवस भार राहिला तर तो तिथे चपटा होतो, म्हणून कारखान्यातूनच जादा हवा भरून पाठवतात. काही वेळा ४० पौंडांच्याही वर (हे पौंड म्हणजे दर चौरस इंचावरचा दाब). ताबा देण्याआधीच्या तपासणीत ती कमी करायची असते आणि नेमकं तेच राहून जातं. नारळ फोडून, चाकांखाली लिंबं ठेवून घरी आणलेली गाडी पहिल्याच खड्ड्यात दणका देते आणि मालकाला वाटतं, हिचं सस्पेन्शनच कडक आहे.

मग पंपावर 'कितना रखूँ?' असं विचारलं की तोंडून निघतं, 'बत्तीस', नाहीतर 'पस्तीस'. खरा आकडा ड्रायव्हरचा दरवाजा उघडला की खांबावरच्या स्टिकरवर असतो, काही गाड्यांत पेट्रोलच्या झाकणामागे. तो तिथे यायला फार काळ जावा लागला.

हवा भरलेल्या चाकाचं पेटंट रॉबर्ट विल्यम थॉमसन यांनी १८४५ मध्ये घेतलं, पण ते बाजारात रुजलं नाही. बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलॉप यांनी १८८८ मध्ये तीच कल्पना नव्याने पेटंट केली, ती सायकलसाठी. १८९५ च्या पॅरिस-बोर्दो-पॅरिस शर्यतीत मिशलँ बंधूंनी हवेच्या टायरवर मोटार धावू शकते हे दाखवलं, जरी वाटेत पंक्चरांनी त्यांना बेजार केलं. सुरुवातीचे टायर अरुंद होते, त्यामुळे आजच्या जवळजवळ दुप्पट दाब लागे. १९२३ मध्ये अमेरिकेच्या फायरस्टोन या टायर कंपनीने रुंद 'बलून' टायर आणला. आतली जागा वाढल्यावर तेवढंच वजन कमी दाबावर पेलता येऊ लागलं आणि मोटारींचा आकडा तिशीच्या आसपास स्थिरावला.

यातली मूळ गोष्ट अशी: गाडीचा भार मुख्यतः टायरात कोंडलेली हवा उचलते, रबर नव्हे. म्हणून हवा किती हवी हे वजनावर ठरतं, आणि वजन पुढच्या-मागच्या चाकांवर कसं वाटलंय हे गाडी बनवणाऱ्यालाच माहीत असतं. एकाच मापाचे टायर दोन वेगळ्या गाड्यांना बसतात आणि दोघींचे आकडे वेगळे असतात. टायरच्या कडेवर कोरलेला 'मॅक्स' आकडा ही टायरची कमाल मर्यादा आहे. तेवढी हवा भरायची नसते, हे मला प्रत्येक नव्या गाडीवाल्याला कळकळीने सांगावंसं वाटतं.

टायर आणि मोटारी मुंबईत नुसत्या विकल्या गेल्या नाहीत, इथे बनल्याही. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीची फियाट कुर्ल्यात तयार होई, सिएटचा कारखाना भांडुपला होता. त्या काळच्या टायरांत हवा कमी झाली की ते बसलेले दिसत, आणि नुसतं बघून किंवा लाथ मारून हवेचा अंदाज घ्यायची सवय तेव्हाची. पुढे रेडियल टायर आले. त्यांची बाजू मऊ असते, योग्य हवेतही ती थोडी फुगलेली दिसते. पाच-सात पौंड हवा कमी असली तरी डोळ्यांना पत्ता लागत नाही. टायर बदलले, सवय राहिली.

त्या छापील आकड्याची सगळ्यात कठोर परीक्षा अमेरिकेत झाली. फोर्ड एक्सप्लोरर या मोठ्या, उंच गाडीसाठी फोर्डने २६ पौंड सुचवले होते. फायरस्टोनच्या टायरांचे थर सुटून गाड्या उलटू लागल्या आणि ऑगस्ट २००० मध्ये सुमारे ६५ लाख टायर परत मागवावे लागले; या अपघातांत एकूण दोनशेहून अधिक माणसं गेली. टायर कंपनीने ३० पौंड ठेवायला सांगितलं. सदोष टायर, उष्ण हवामान, भरलेली गाडी आणि कमी दाब अशी कारणं एकात एक गुंतली होती. त्याच वर्षी तिथे नवा कायदा झाला आणि त्यातून टायरच्या दाबावर नजर ठेवणारी यंत्रणा नव्या गाड्यांना सक्तीची झाली. ती आता आपल्याकडच्या अनेक गाड्यांतही दिसते. पण अमेरिकी नियमाने दिवा लागतो तो दाब २५ टक्क्यांनी घटल्यावर: ३२ हवे असतील तर थेट २४ वर. दिवा लागला नाही म्हणजे हवा बरोबर आहे, असा अर्थ निघत नाही.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि आता समृद्धी, या रस्त्यांमुळे टायर फुटण्याची भीती घरोघरी पोहोचली. त्या भीतीने लोक उन्हाळ्यात निघताना दोन-चार पौंड हवा मुद्दाम कमी करतात. हे उलटं आहे आणि धोक्याचं आहे. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकते. त्या वाकण्यातून उष्णता तयार होते आणि वेगात तीच टायरचे थर सोडवते. चालून तापल्यावर दाब काही पौंडांनी वाढणार हे गृहीत धरूनच स्टिकरवरचा आकडा दिलेला असतो, थंड टायरसाठी. तापल्यावर वाढलेली हवा काढायची नाही. तापमानात साधारण साडेपाच अंशांचा फरक पडला की दाब एका पौंडाने बदलतो, त्यामुळे जानेवारीतल्या पहाटेचं माप आणि मे महिन्यातल्या दुपारचं माप सारखं येत नाही.

मुंबईत अडचण अशी की ट्रॅफिकमधून पंपापर्यंत पोहोचेतो टायर तापलेला असतो. त्यावर सोपा इलाज म्हणजे सोसायटीच्या पार्किंगमध्येच सकाळी, गाडी हलवण्याआधी, स्वतःच्या गेजने माप घ्यायचं. बारा व्होल्टवर चालणारा छोटा पंप जवळ असेल तर हवाही तिथेच भरता येते. गणपतीला पाच माणसं आणि डिकीभर सामान घेऊन कोकणात निघताना त्याच स्टिकरवरचा पूर्ण भाराचा वेगळा आकडा बघावा. बऱ्याच गाड्यांत तो मागच्या चाकांसाठी ठळकपणे जास्त असतो. आणि त्याच वेळी स्टेपनीचीही हवा मोजावी.