दांड्याची लोहारी हत्यारं

लोहार ज्या छिन्नीने गरम लोखंड कापतो किंवा ज्या सुंब्याने भोक पाडतो, त्याच्या अंगात आरपार नेढं पाडून लाकडी दांडा बसवला की ते दांड्याचं हत्यार. दिसायला हातोडीसारखं, पण हे स्वतः मारायचं नसतं, कामावर नुसतं धरायचं आणि वरून जोडीदाराने घण घालायचा. दांड्यामुळे हात आगीपासून आणि घणापासून लांब राहतो. नाशिकला रस्त्याच्या कडेला घिसाडी कुटुंबं भट्टी लावून बसतात तिथे हे काम बघायला मिळतं, नवरा ऐरणीपाशी धरतो आणि बायको घण घालते, आणि तिचा नेम बघितला तर थक्क व्हायला होतं.

माल बहुतेक भंगारातला. गाडीचा कमानपाटा चांगला असतो पण नेढं पाडायला पातळ पडतो, म्हणून जाड सळई नाहीतर जुना एक्सल घेतात. भंगारात कोणतं स्टील आहे सांगता येत नाही, तर बोटभर तुकडा लाल करून पाण्यात बुडवायचा आणि ठोकून बघायचा. काचेसारखा तुटला तर कार्बन आहे, नुसता वाकला तर तो पाणी धरणार नाही, म्हणजे तापवून बुडवला तरी कडक होणार नाही.

नेढं सगळ्यात आधी पाडावं, धार नंतर. नेढं तिरकं गेलं तर तुकडा वाया जातो, मग धारेची मेहनत आधी का करायची? लोखंड पिवळं तापवून एका बाजूने अर्ध्यापर्यंत आणि मग उलटून दुसऱ्या बाजूने सुंबा मारतात, दोनचार घावांनी सुंबा पाण्यात थंड करतात, भोकात चिमूटभर कोळशाची भुकटी टाकतात म्हणजे तो अडकत नाही. नेढं लांबट ठेवायचं, गोल नको, नाहीतर हत्यार दांड्यावर फिरतं. गरम कापायच्या छिन्नीची धार बारीक, साधारण ३० अंशाची, आणि थंड लोखंड तोडायची ६० च्या आसपास.

आता पाणी देणं, खरं कसब इथेच आहे, कारण एकाच हत्याराची दोन टोकं दोन स्वभावाची लागतात. धार कडक हवी आणि घण पडतो ते डोकं मऊच हवं. डोक्याला पाणी दिलं तर घणाखाली त्याची कपची उडते आणि ती डोळ्यात जाऊ शकते, ही चूक कुणीही करू नये. साधं कार्बन स्टील असेल तर धारेकडचा भाग लाल करायचा, लोहचुंबक चिकटायचं थांबतं (साधारण ७७० अंश) त्याच्या थोडं वरपर्यंत, आणि हे सावलीत करायचं, उन्हात लाल रंग फिका दिसतो आणि माल जास्त तापवला जातो. मग फक्त दोनतीन सेंटीमीटर धार पाण्यात किंवा तेलात, सारखी वरखाली हलवत, एकाच रेषेवर धरली तर तिथे तडा जातो. कमानपाट्याच्या स्टीलला तेलच बरं. बाहेर काढून धार दगडावर घासून पांढरी केली की मागची उष्णता पुढे सरकते आणि रंग धावतात, गवती पिवळा, तपकिरी, जांभळा, निळा. थंड छिन्नीला जांभळा आला (२८० च्या आसपास) की लगेच सगळं पाण्यात. पिवळ्यावर थांबलात तर धार तुटेल, निळा निघून राखाडी झाला तर पाणी उतरलं, परत पहिल्यापासून.

नाशिकचा दगड बेसाल्ट, पांडवलेणी त्याच्यातच कोरलेली आणि काळाराम मंदिरही काळ्या दगडाचंच. हा दगड छिन्नीची धार पटकन खातो म्हणून पाथरवटाला जवळ लोहार लागतोच, त्याच्या छिन्न्या बिनदांड्याच्या, हातात धरायच्या असतात पण पाणी द्यायची रीत हीच. सातपूर-अंबडच्या एमआयडीसीत हीट ट्रीटमेंटच्या भट्टीवर आकडा दिसतो, लोहाराला रंगच वाचावा लागतो.

गरम कामाच्या छिन्नीचं पाणी वापरतानाच उतरतं, म्हणून दरवेळी दोनचार घावांनंतर ती पाण्यात बुडवतात. एच-१३ नावाचं क्रोमवालं स्टील मात्र गरम असताना पाण्यात घालायचं नाही, फुटतं, त्याला हवेतच थंड होऊ द्यायचं.

दांडा बाभळीचा चालतो, आणि घणाखालच्या हत्याराला तो पाचर ठोकून घट्ट बसवत नाहीत, थोडा सैल ठेवतात म्हणजे घणाचा झटका मनगटात येत नाही. घण खाऊन डोक्याच्या कडा छत्रीसारख्या पसरल्या की ग्राइंडरवर काढून टाकायच्या, त्या तशाच ठेवून काम करू नये.