गोडोमधलं ‘प्रोसेस’ आणि ‘फिजिक्स प्रोसेस’: उडीचा कोड कुठे लिहायचा?

इंदूरच्या राजवाड्याचे सात मजले सज्ज्यांवरून उड्या मारत चढायचे, असा साधा टू-डी खेळ घ्या. रामबागेतल्या ६० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ६० चित्रं दाखवणाऱ्या, लॅपटॉपवर पात्र प्रत्येक सज्ज्यावर नीट पोचतं. तोच खेळ विजयनगरातल्या मित्राच्या १४४ हर्ट्झ मॉनिटरवर लावला, की पहिल्याच सज्ज्याशी अडतो. कितीही वेळा बटण दाबा, पाय पिक्सेलभर खालीच राहतात. कोडमध्ये डेल्टाने, म्हणजे फंक्शन मागच्या वेळी चालल्यापासून गेलेल्या वेळाने, गुणलेलं आहे, वेग बरोबर आहे, एररही येत नाही. उडीचा कोड फक्त चुकीच्या फंक्शनात बसलाय.

गोडो या गेम इंजिनमध्ये ‘प्रोसेस’ आणि ‘फिजिक्स प्रोसेस’ ही दोन फंक्शनं दिसायला अगदी जुळी आहेत. नावात एका शब्दाचा फरक, दोघांना डेल्टा मिळतो आणि दोघांना इंजिनच परत परत बोलावतं. पण प्रोसेस चालतं पडद्यावरच्या प्रत्येक फ्रेमला एकदा. फ्रेम सेकंदाला कधी ६०, कधी १४४, जुन्या फोनवर २५, म्हणून डेल्टाही सतत बदलतो. फिजिक्स प्रोसेसची चाल ठरलेली असते: सेकंदाला ६० टिक, म्हणजे ६० ठरलेली पावलं, डेल्टा जवळपास ०.०१६७. हा आकडा प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये फिजिक्सखालच्या कॉमन या भागात बदलता येतो. मशीन मंदावून २० फ्रेमवर आली, तर एका फ्रेममागे तीन टिक चालवून इंजिन हिशेब पुरा करतं. एका फ्रेममध्ये जास्तीत जास्त ८ टिक ही मूळ मर्यादा आहे. त्यामुळे साडेसात फ्रेमच्या खाली गेल्यावर मात्र खेळच संथ होतो.

आता ‘डेल्टाने गुणलं की कुठेही लिहा’ या सल्ल्याकडे येऊ. नवशिक्यांना तो सर्रास मिळतो आणि तो अर्धाच खरा आहे. आडवं चालणं सेकंदाला ३०० पिक्सेल असेल, तर ३० फ्रेमवर १० पिक्सेलची ३० पावलं आणि ६० फ्रेमवर ५ पिक्सेलची ६० पावलं पडतात. बेरीज एकच. उडीत मात्र गुरुत्वाकर्षण प्रत्येक पावलाला वेग कमी करतं आणि त्या एका पावलापुरता वेग स्थिर धरला जातो. पाऊल मोठं असेल, तर जुना, जास्तीचा वेग जास्त वेळ टिकतो आणि पात्र जास्त उंच जातं.

गोडोच्या तयार टेम्प्लेटमधले आकडे घेऊन हिशेब करून बघा: उडीचा वेग ४००, गुरुत्वाकर्षण ९८०. पहिलं पाऊल पूर्ण ४०० च्या वेगाने पडतं, म्हणजे ३० फ्रेमवर १३.३ पिक्सेल आणि १४४ फ्रेमवर जेमतेम २.८. पुढची पावलं मिळवत गेलं, की उडीची उंची ३० फ्रेमवर ८८.४ पिक्सेल, ६० वर ८५ आणि १४४ वर ८३ येते. सज्जा ८४ पिक्सेलवर बांधला असेल, तर विजयनगरचा मित्र तिथे पोचणारच नाही. उलट ३० फ्रेमवर खेळणाऱ्याला ८७ पिक्सेलवरचा, मुद्दाम हाताबाहेर ठेवलेला सज्जाही गाठता येईल. तोच कोड फिजिक्स प्रोसेसमध्ये हलवला, की मशीन कोणतंही असो, उंची ८५ च.

म्हणून वेग, गुरुत्वाकर्षण, टक्कर, मूव्ह-अँड-स्लाइड हे सगळं फिजिक्स प्रोसेसमध्येच लिहावं, असं आमचं ठाम मत आहे. इथे आणखी एक खोड सांभाळा. मूव्ह-अँड-स्लाइड, म्हणजे वेगानुसार पात्र हलवून त्याला भिंतीलगत सरकवणारं गोडोचं फंक्शन, स्वतःच डेल्टा लावतं. आपण वेगाला आधी गुणून ठेवलं, तर ३०० चे सेकंदाला ५ पिक्सेल होतात आणि पात्र हलेनासं होतं. मग वेग १८००० करून काम भागवलेले प्रोजेक्ट बघायला मिळतात! गुरुत्वाकर्षण वेगात मिळवताना डेल्टा हवा, वेग मूव्ह-अँड-स्लाइडच्या हवाली करताना नको. टक्कर झाली की पात्र थांबवणाऱ्या मूव्ह-अँड-कोलाइडला मात्र गुणूनच द्यावं लागतं.

गोळ्या आणि दगडांचंही तेच. सेकंदाला १२०० पिक्सेल जाणारा दगड एरिया-टू-डी (फक्त स्पर्श ओळखणारा गोडोचा घटक) असेल आणि त्याची जागा थेट बदलत असाल, तर एका टिकला तो २० पिक्सेल सरकतो. दगड ८ पिक्सेलचा, भिंत १६ ची, म्हणजे स्पर्श पकडला जातो. प्रोसेसमध्ये असताना खेळ दशांश सेकंद अडखळला, तर तोच दगड एका उडीत १२० पिक्सेल पुढे जातो आणि भिंत न लागताच पार होतो.

प्रोसेसमध्ये ठेवायचं ते फक्त दिसण्यापुरतं असलेलं: हळूहळू उतरणारी आयुष्याची पट्टी, चमकणारी नाणी, पडद्यावरची वेळ.

फिजिक्स प्रोसेसचीही एक अडचण आहे आणि तिला कंटाळूनच बरेच जण उडीचा कोड परत प्रोसेसमध्ये नेतात. १४४ हर्ट्झच्या पडद्यावर ६० टिक सारखे वाटले जात नाहीत. पात्र कधी दोन फ्रेमनंतर हलतं, कधी तीन, आणि चालताना थरथरल्यासारखं दिसतं. कोड हलवू नका. त्याच कॉमन भागात फिजिक्स इंटरपोलेशन चालू करा. टू-डीसाठी ते ४.३ आवृत्तीपासून आहे, थ्री-डीसाठी ४.४ पासून. दोन टिकमधल्या जागा मग इंजिन भरून काढतं. पात्र मेल्यावर त्याला पुन्हा पहिल्या मजल्यावर ठेवलं, की त्याच ओळीखाली रीसेट-फिजिक्स-इंटरपोलेशन बोलवा, नाहीतर ते क्षणभर वरून खाली घसरत गेल्यासारखं दिसतं.

दुसरा मॉनिटर हाताशी नसला, तरी तपासणी घरी होते. डिस्प्लेखालच्या विंडो भागात व्ही-सिंक (फ्रेमची गती मॉनिटरला बांधणारी सोय) बंद करा आणि ॲप्लिकेशनखालच्या रन भागात मॅक्स एफपीएस (सेकंदाला जास्तीत जास्त फ्रेम) आधी ३०, मग १४४ ठेवा. उडीत पात्राचा वाय (तो वर जाताना कमी होतो) सर्वांत कमी किती झाला, ते दोन्ही वेळा प्रिंट करा. आकडे जुळले नाहीत, तर उडीचा काहीतरी भाग अजून प्रोसेसमध्येच राहिलाय. बहुतेक वेळा ती गुरुत्वाकर्षणाची ओळ असते.