जॉन्सन, बेन

जॉन्सन, बेन : (१३ जून १९१८–८ एप्रिल १९९६). अमेरिकन रोडिओपटू (रोडिओ म्हणजे गुराख्यांच्या घोडेस्वारी व जनावरे पकडण्याच्या कसबांच्या स्पर्धा) व चित्रपट-अभिनेता. रोडिओतले जगज्जेतेपद आणि अभिनयाचे ऑस्कर ही दोन्ही पदरी पडलेला आजवरचा एकमेव माणूस. त्याचा जन्म ओक्लाहोमा राज्याच्या ओसेज परगण्यातल्या फोरेकर या गावी झाला. वडील तिथल्या चॅपमन-बर्नार्ड या मोठ्या पशुपालन मळ्यावर मुकादम होते आणि दोराचा फास टाकून जनावर पकडण्यात त्यांचे नाव साऱ्या मुलखात होते. बाप-लेकाचे नाव एकच असल्यामुळे जुन्या रोडिओ-नोंदींत दोघांची गल्लत होते.

१९४० च्या सुमारास निर्माता हॉवर्ड ह्यूज याने ‘द आउटलॉ’ या चित्रपटासाठी ओक्लाहोमातून घोडे विकत घेतले. ते पोहोचवायला जॉन्सन सोबत गेला आणि पश्चिमेकडेच राहिला. मळ्यावर रोजचा एक डॉलर मिळत होता, हॉलिवुडचा पहिला धनादेश तीनशेचा आला. मग काठी घेऊन मागे लागले असते तरी आपण परतलो नसतो, असे तो सांगे. १९४१ मध्ये त्याने कॅरोल जोन्सशी लग्न केले. तिचे वडील फॅट जोन्स चित्रपटांना घोडे पुरवत. पुढची काही वर्षे घोड्यांची निगा, धोक्याच्या उड्या आणि जॉन वेन, गॅरी कूपर, जेम्स स्टुअर्ट यांच्या जागी घोडेस्वारी, यांत गेली. पडद्यावर पाठ दिसे, चेहरा नाही.

तो चेहरा दिसू लागला एका अपघातामुळे. दिग्दर्शक जॉन फोर्डच्या ‘फोर्ट अपाची’ (१९४८) या चित्रपटात तो हेन्री फोंडाच्या जागी घोड्यावर बसत होता. चित्रीकरण चालू असताना गाडीचे घोडे बिथरून उधळले. गाडीत तीन माणसे होती. जॉन्सनने घोडा भरधाव सोडला आणि गाडी आवरली. फोर्डने बक्षिसाचे आश्वासन दिले. ते निघाले सात वर्षांच्या करारपत्राच्या रूपात. पाचव्या ओळीत आठवड्याला पाच हजार डॉलर हा आकडा दिसल्यावर पुढचे न वाचताच आपण सही ठोकली, असे त्याचेच म्हणणे.

‘शी वोअर अ यलो रिबन’ (१९४९) मधला सार्जंट टायरी आणि ‘वॅगन मास्टर’ (१९५०) मधला नायक या त्या काळातल्या चांगल्या भूमिका. ‘रिओ ग्रांद’ (१९५०) मध्ये तो व हॅरी केरी धाकटा दोन-दोन घोड्यांच्या पाठीवर एकेक पाय ठेवून, उभ्याने चौखूर दौडतात. तिथे बदली माणूस नाही. याच चित्रपटाच्या वेळी जेवणाच्या टेबलावर फोर्डशी खटका उडाला आणि पुढे १९६४ पर्यंत फोर्डने त्याला काम दिले नाही.

१९५३ साली त्याने चित्रपट बाजूला ठेवले आणि वर्षभर रोडिओ केला. त्याचा प्रकार जोडीने फास टाकण्याचा. खच्ची केलेला गोऱ्हा कुंपणातून सुटतो. पहिला स्वार शिंगांवर फास टाकून त्याला वळवतो, दुसरा पळत्या जनावराच्या दोन्ही मागच्या पायांत फास अडकवतो. दोर ताणले गेले, घोडे समोरासमोर आले, की पंच निशाण खाली करतो. दोराला खोगिराच्या मुठीभोवती वेढे देताना अंगठा मध्ये सापडला तर तो तुटतो. या खेळातल्या जुन्या माणसांचे हात पाहिले की ते कळते. जॉन्सन त्या वर्षी जगज्जेता ठरला. हिशेब केल्यावर हाती उरले काय, तर झिजलेली मोटार आणि रागावलेली बायको! तो हॉलिवुडला परतला. त्याच वर्षी प्रदर्शित झालेल्या ‘शेन’ मध्ये त्याचा कॅलोवे आधी दारूच्या गुत्त्यात नायकाला डिवचतो आणि शेवटी शरमून त्याला सावध करायला येतो. ही छोटी भूमिका आजही पाहण्याजोगी आहे.

पुढे दिग्दर्शक सॅम पेकिनपाच्या ‘मेजर डंडी’ (१९६५), ‘द वाइल्ड बंच’ (१९६९), ‘ज्युनिअर बॉनर’ (१९७२) वगैरे चित्रपटांत तो होता. पण त्याचे नाव टिकले ते पीटर बॉग्डॅनोविचच्या ‘द लास्ट पिक्चर शो’ (१९७१) मुळे. संवाद फार आणि त्यांत शिव्या, म्हणून त्याने आधी नकार दिला होता. फोर्डने, त्याच रुसलेल्या फोर्डने, त्याची समजूत घातली. भूमिका टेक्ससमधल्या ओसाड गावात चित्रपटगृह चालवणाऱ्या म्हाताऱ्या सॅमची, पडद्यावर जेमतेम दहा मिनिटांची. तळ्याकाठी बसून तो वीस वर्षांपूर्वी तिथे पोहायला आणलेल्या एका मुलीबद्दल बोलतो. आवाज चढत नाही, हात हलत नाहीत. घोड्यावर बसणाऱ्याला अंग गप्प ठेवण्याची सवय असते. ती इथे कामी आली, असे म्हणायला हरकत नाही. सहायक अभिनेत्याचे ऑस्कर घेताना तो म्हणाला, की याहून भल्या गड्याला हे मिळणे शक्यच नव्हते.

रोडिओच्या मानकऱ्यांतही त्याची नोंद झाली. ॲरिझोनातल्या मेसा इथे हृदयविकाराच्या झटक्याने त्याचे निधन झाले. दफन ओसेज परगण्यातच, पॉहस्का इथे. त्याच्या नावाचे काऊबॉय संग्रहालयही त्याच गावात आहे.