कामाच्या पाळीआधीची पाहणी : खाणीतून परांचीपर्यंत

बांधकामावर आदल्या संध्याकाळी खोदून सोडलेला चर सकाळी तसाच असेल याची खात्री नसते. रात्री सर येऊन गेलेली असते, तळाशी पाणी साचलेलं असतं, काठाजवळून एखादा डंपर गेलेला असतो. मग काठापासून हातभर अंतरावर, काठाला समांतर अशी केसाएवढी भेग दिसते. जुन्या मुकादमाला तेवढी पुरते. तो माणसं खाली उतरवत नाही. एक घनमीटर माती दीड टनाच्या आसपास भरते. छातीपर्यंत गाडला गेलेला माणूस डोकं बाहेर असूनही गुदमरतो, ते त्यामुळेच.

काम सुरू होण्याआधी जागा फिरून बघायची ही रीत आज बांधकामाची वाटते. तिची मुळं शोधत गेलं, तर ती कोळशाच्या खाणीत सापडतात. तिथे साचणाऱ्या मिथेन या स्फोटक वायूला रंग नाही, वास नाही. १८१५ मध्ये हम्फ्री डेव्हीने सुरक्षित दिवा बनवला. त्याच्या ज्योतीवर निळसर टोपी चढली की वायू आहे हे कळायचं. पुढे १८७२ च्या ब्रिटिश कोळसा खाण कायद्याने वायूच्या खाणींसाठी दंडक घातला : जाणत्या माणसाने असा दिवा घेऊन कामाआधी आत फिरून यावं आणि जे दिसलं ते वहीत नोंदवावं. माझ्या मते खरा शोध दिव्यापेक्षा त्या वहीचा. ‘बघितलं होतं’ हे तोंडी सांगणं तिने बंद केलं. आपल्याकडे हे काम खाणीतल्या सरदाराकडे आलं. चंद्रपूर-वणीच्या कोळसापट्ट्यातल्या पोरांना ‘मायनिंग सरदार’ म्हणजे परीक्षा देऊन मिळवायचं प्रमाणपत्र हे सांगावं लागत नाही.

बांधकामाकडे कायद्याने बघायला बराच उशीर झाला. ब्रिटनमध्ये १९६१ च्या नियमांनी खोदकामाची रोज पाहणी सक्तीची केली. अमेरिकेत १९७० च्या कायद्यानंतर आलेले नियम आणखी नेमके आहेत : चर रोज कामाआधी आणि प्रत्येक पावसानंतर तपासायचा, परांची, म्हणजे उंचावर काम करायला बांधलेला मचाण, प्रत्येक पाळीआधी. तपासणारा कोण, हेही तिथे लिहून ठेवलंय. ज्याला धोका ओळखता येतो आणि तो तिथल्या तिथे दूर करायचा अधिकार ज्याच्या हातात आहे, तोच. यातला दुसरा अर्धा भाग महत्त्वाचा. धोका ओळखणारे साइटवर पुष्कळ असतात. स्लॅब भरायचा मुहूर्त ठरलाय, ठेकेदाराचे फोन येतायत, मिक्सरच्या गाड्या रांगेत उभ्या आहेत, अशा वेळी ‘थांबा’ म्हणणारा एखादाच.

भारतात बांधकाम मजुराचा प्रश्न आधी मजुरीच्या वाटेने कोर्टात पोचला. दिल्लीच्या एशियाडच्या कामांवरील मजुरांच्या खटल्यात १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बांधकाम हा धोकादायक रोजगार असल्याचं म्हटलं आणि १४ वर्षांखालच्या मुलांना तिथे लावता येणार नाही असं बजावलं. त्यानंतर कामगार संघटनांनी वर्षानुवर्षं रेटा लावला, तेव्हा कुठे १९९६ चा बांधकाम कामगार कायदा आला. २०२५ मध्ये नव्या कामगार संहितेने त्याची जागा घेईपर्यंत तो १० किंवा अधिक कामगारांच्या कामाला लागू होता. ५०० किंवा अधिक असले तर सुरक्षा समितीही लागायची. केंद्राचे नियम १९९८ मध्ये झाले, महाराष्ट्राचे २००७ मध्ये. मधली नऊ वर्षं इमारती काही थांबल्या नव्हत्या.

नियम आले तशा वह्याही आल्या. मी पाहिलेल्या एका वहीत सोमवार ते शनिवारच्या सगळ्या सह्या एकाच पेनाने, एकाच दमात केलेल्या होत्या. गुरुवारच्या रकान्यात ‘परांची ठीक’ असं लिहिलेलं, आणि त्या गुरुवारी त्या इमारतीला परांचीच नव्हती. बांबू आदल्याच दिवशी उतरवून गेटजवळ रचून ठेवले होते.

‘सकाळची पाहणी’ हा बोलीतला शब्दही थोडा फसवाच. नियम पाळीबद्दल बोलतात, आणि मोठ्या प्रकल्पांवर पाळी रात्रीही लागते. समृद्धी महामार्गाच्या कामावर शहापूर तालुक्यात गर्डर उचलणारं यंत्र कोसळून २० जणांचा जीव गेला, ती ३१ जुलै २०२३ ची रात्रच होती.