दुर्मिळ उत्तर आणि मौलिक उत्तर

सर्जनशीलता कशी मोजायची, हे डी.एड.ला आपण सगळ्या शिक्षकांनीच घोकलंय: ओघ, लवचिकता, मौलिकता. उत्तरं किती आली तो ओघ, किती प्रकारची आली ती लवचिकता. हे दोन्ही सरळ मोजता येतं. घोळ तिसऱ्यात आहे. तिथे आपण मोजतो दुर्मिळता आणि नाव देतो मौलिकतेचं.

मानसशास्त्रज्ञ बाकर मेहदींच्या सर्जनशीलतेच्या शाब्दिक चाचणीत लाकडी काठीचे वेगवेगळे उपयोग विचारतात. वर्धा जिल्ह्यातल्या माझ्या वर्गात ३२ पोरं. मी तोच प्रश्न सहज फळ्यावर लिहिला. बहुतेकांनी साप मारले, बैल हाकलले, बोरं पाडली. तीन उत्तरं मात्र मी बाजूला काढली.

एकानं लिहिलं, ‘काठीची भाजी कराची.’ एका पोरीनं, ‘नाल्यात पाणी किती हाये ते पाहाले.’ आणि मागच्या बाकावरून आलं, ‘दोन पोरं भांडले का मधात आडवी धराले.’

मेहदींच्या पद्धतीत एक टक्क्याहून कमी मुलांनी दिलेल्या उत्तराला ५ गुण. जसजसे देणारे वाढतात तसतसे गुण कमी, आणि ५ टक्क्यांवर गेलं की शून्य. वालाक आणि कोगन या मानसशास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये याहून कडक हिशेब मांडला होता: गटात फक्त एकानंच दिलेलं उत्तर धरायचं. म्हणजे गट जितका मोठा, तितकं एकमेव ठरणं कठीण. ३२ पोरांत तर एकट्याचं उत्तरही ३.१ टक्के होतं! म्हणून टक्केवारीचा तक्ता वर्गावरून बनवायचा नसतो, तो चाचणी प्रमाणित करतानाच्या मोठ्या नमुन्यावरून येतो. पण तो नमुना शहरातल्या पोरांचा असला तर आमच्या पोरांची रोजची बैलं तिथे दुर्मिळ ठरायची आणि त्यांना फुकटचे गुण मिळायचे.

आता भाजी बघा. वर्गात एकमेव, पण काठीशी तिचा काही संबंध नाही. नवं हवं आणि लागूही पडायला हवं, ही मौलिकतेची अट. त्यामुळे ती गुणांच्या आधीच बाद. नाल्याचं उत्तरही एकमेव, आणि चोख. फक्त ते त्या पोरीला सुचलेलं नाही, आठवलेलं आहे. पावसाळ्यात तिचा आजा असाच काठी टेकत नाला ओलांडून वावरात जातो. आकड्याला हा फरक दिसत नाही.

म्हणून काहीजण टक्केवारी सोडून परीक्षकांकडे जातात. मानसशास्त्रज्ञ सिल्व्हिया आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये सुचवलं, की मुलानं स्वतःच आपली दोन सर्वोत्तम उत्तरं निवडावी आणि परीक्षकांनी तेवढ्यांनाच गुण द्यावेत. यात वीस उत्तरं खरडणाऱ्याचा आयता फायदाही जातो. परीक्षकांचं आपसात जमेलच असं नाही, पण मला हे पटतं.

कारण भांडणाचं उत्तर माझ्या मते वर्गात सगळ्यात भारी होतं. शेजारच्या पोरानं ते पाहून उतरवलं. वर्गापुरता हिशेब केला तर दोन जण, ६.२५ टक्के. दोघांनाही शून्य.